चारही स्क्रूंना कुंकू

कांजूरमार्ग (पूर्व),
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय कुंडलिक,

राजारामचा नमस्कार. इथे आम्ही सगळे बरे आहोत. विमलाचं बीपी गोळीवर आहे, माझं गोळी घेऊनही नाही. तुझी तब्येत कशी आहे, वहिनींचे गुडघे कसे आहेत, या वर्षी भात कसं आलं ते कळव.

परवा तुला फोन केला. तू "कोण? कोण?" करत राहिलास आणि मी "राजा, राजा" ओरडत राहिलो. समोरच्या बाई दार उघडून बघायला आल्या. मग आमची सून उत्तरा म्हणाली, "बाबा, पत्र लिहा. नाहीतर सोसायटीची नोटीस येईल." म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतचं शिक्षण, त्यात अक्षर वाकडं. समजून घे.

एक कामाचं विचारायचं आहे.

आमच्या सोसायटीत एका गृहस्थाकडे आपल्या मरोळच्या कारखान्यातल्या दोन पेट्या निघाल्या. त्या मोठ्या, कमरेएवढ्या, सागवानी स्पीकरच्या. लाकडाचं काम माझं आणि आतलं सगळं तुझं, त्यातल्याच. स्पीकरचा कागद शाबूत आहे, कडेचं कापडही फाटलेलं नाही. त्याने त्यांना वाजवण्यासाठी एक जुना अँप्लिफायर आणला. मला बोलावलं, कारण मी जुना माणूस. पण मी सुतार. माझं काम पेटीपाशी संपायचं.

अडचण अशी आहे. एक पेटी एकटी लावली की छान वाजते. दुसरी एकटी लावली की तीही छान वाजते. दोन्ही एकदम लावल्या की भजनातला पखवाज नाहीसा होतो. झांजा ऐकू येतात, बुवांचा आवाज ऐकू येतो, पण खालचा सगळा दम गेलेला. दोन पेट्यांनी आवाज दुप्पट व्हायला पाहिजे की नको? इथे अर्धा होतो. दोन्हींच्या बरोबर मध्ये उभा राहिलो तर आवाज समोरून येत नाही, कानाच्या मागून आल्यासारखा वाटतो. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, बाथरूममध्ये बघितलं. विमला म्हणाली, "अहो, काय शोधताय?" मी म्हटलं, पखवाज. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

अँप्लिफायरच्या मागे लाल आणि काळी अशा खुंट्या आहेत, ते कळतं. पेटीच्या मागे मात्र दोन पितळी स्क्रू, दोन्ही सारखे. तुला आठवत असेल, त्या वेळी मालक लाल रंगाचा डबा आणायला विसरला होता. तू देवाच्या फोटोपुढचं कुंकू घेतलंस, व्हार्निशात कालवलंस आणि प्लसच्या स्क्रूला टिकली लावलीस. मी हसलो तर म्हणालास, "हसतंस काय? टिकली एकाच स्क्रूक. दोघांका लावलंस तर कागद खंय धावाचो ता इसरतलो." स्पीकरचा कागद रस्ता विसरतो, हे तेव्हा मला पटलं नव्हतं.

तर आता चारही स्क्रूंना कुंकू आहे. विमला दर दसऱ्याला माझ्या रंध्याला, करवतीला आणि दोन्ही पेट्यांना हळदकुंकू वाहते. पुढून वाहते, मागून वाहते, कुठे म्हणून सोडत नाही. वर तेलाचं बोट लावते. वीस दसरे झाले. तुझी टिकली कुठली आणि तिची कुठली, भिंग घेऊन बसलो तरी समजत नाही. लाल लाल सगळं.

तर कुठली वायर कुठे लावायची, एवढंच कळव.

*

दुपारी झोपलो होतो. उठून वरचं वाचलं. सोसायटीतल्या गृहस्थाच्या पेटीला विमला कशी कुंकू वाहील? खोडणार होतो. पेनसुद्धा टेकवलं होतं, तिथे डाग पडलाय बघ. मग नाही खोडलं.

पेट्या माझ्याकडे आहेत.

म्हणजे एक माझी आणि एक तुझी. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने ती शेवटची जोडी आपल्या दोघांना दिली होती, एकेकाला एक. तुझी खोली लहान, तुझी जान्हवी पाळण्यात, म्हणून तू म्हणालास, "ऱ्हवांदे तुझ्याकडे." तीच.

कसं सांगू ते समजत नाही. क्रमाने लिहितो.

२००५ च्या मे महिन्यात तुझं पत्र आलं, की गावच्या नव्या घराचा स्लॅब टाकून झाला, गणपतीच्या आधी येऊन पेटी नेतो. मी उत्तर दिलं नाही. मग जुलैत पाणी भरलं. आमची मरोळची खोली तळमजल्याला होती, पाणी खाटेच्या वर आलं. आठ दिवसांनी तू एसटीने आलास, खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन. मी तुला सांगितलं की दोन्ही पेट्या भिजून फुगल्या, भंगारवाल्याला दिल्या. तू काय म्हणालास माहीत आहे? "जांवदे रे. माणसां वाचली मां." आणि माझ्याबरोबर ओली गादी उचलून गच्चीवर टाकलीस. विमला चहा करायला म्हणून शेजारी गेली ती दोन तास आलीच नाही. तिला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पेट्या माळ्यावर होत्या, कुंडलिक. आपल्या डोक्यावर, जुन्या लुगड्याच्या पडद्यामागे. त्यांना थेंबसुद्धा लागला नव्हता.

मी असं का केलं, हे वीस वर्षं स्वतःला विचारतोय. कधी एक उत्तर सुचतं, कधी दुसरं. त्या दोन्ही पेट्या एकाच फळीच्या आहेत. डाव्या पेटीवर जी रेघ सुरू होते ती उजव्या पेटीवर पुढे जाते. शेजारी ठेवल्या की नदीसारखी दिसते. ते जुळवायला मला अकरा दिवस लागले होते. एक तुझ्याकडे कुडाळला गेली आणि एक मरोळला राहिली असती तर ती रेघ तुटली असती, असं तेव्हा वाटलं. वाटलं की लाकूड तर माझंच आहे. पण तू म्हणायचास, "पेटी तुझी, आवाज माझो." मग मी तुझा आवाज ठेवून घेतला, असंच झालं ना?

आणि ठेवून केलं काय? एकदाही वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर कुणीतरी ऐकलं असतं, तुला सांगितलं असतं. नितेशने इथे फ्लॅट घेतला तेव्हा चादरीत गुंडाळून आणल्या. वर इस्त्रीचे कपडे ठेवतात. तू मुंबईत आलास की मी तुला चेंबूरला जान्हवीकडे येऊन भेटायचो, किंवा स्टेशनबाहेर. घरी कधी बोलावलं नाही. राजा मुलाच्या फ्लॅटमध्ये गेला आणि बदलला, असं तुला वाटलं असेल. वाटू दिलं मी. ते सोपं होतं.

विमला दसऱ्याला कुंकू वाहताना दर वर्षी म्हणते, "एक आपली, एक कुंडलिकभावजींची. दोघींना सारखं." मला ऐकू जाईल असं म्हणते.

या दसऱ्याला उत्तराने चादर काढली. दिवाळीची साफसफाई. म्हणाली, "बाबा, हे काय आहे? एकतर वाजवा, नाहीतर ज्याचं त्याला द्या. मध्येच कपड्यांचं टेबल करून काय ठेवलंय?" मी तुझ्याशी खोटं बोललो ते तिला माहीत नव्हतं, सहज बोलली. पण मी चादर परत ओढून घातली. आणि पुढच्या रविवारी तीच कुठूनतरी अँप्लिफायर घेऊन आली.

पेट्या नीट वाजेनात तशी ती म्हणाली, "एका पेटीची वायर उलटी करून बघू ना, त्यात काय?" मी तिच्यावर ओरडलो, "हात लावायचा नाही!" तिने बिचारीने वायर खाली ठेवली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला शॉकची भीती.

तुला खरं सांगतो. वायर उलटी करायला मलाही येते. टॉर्चचा सेल लावून कागद पुढे उडी मारतो की मागे, ते तू माझ्यासमोर हजार वेळा बघितलंस. एकीचा कागद पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, म्हणून एक दुसरीचा आवाज खाते, एवढं मला कळतं. सेल फ्रिजवर पडलाय. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते करत नाही. ते काम तुझं आहे. तेसुद्धा मीच केलं तर तुला बोलवायला माझ्याकडे काय उरलं?

गेल्या आठवड्यात जान्हवीचा फोन आला होता. तुझा डावा कान गेलाच, उजवाही उतरत चाललाय, दिवाळीनंतर तुला तपासायला चेंबूरला आणणार आहे, असं म्हणाली. मशीन लागेल, पण मशीनमधून गाणं गाण्यासारखं लागत नाही, हेही म्हणाली. तेव्हापासून मला रात्रीची झोप नाही. ती जोडी एकत्र वाजताना तू कारखान्यात फक्त एकदा ऐकलीस, शेवटच्या दिवशी, निम्मं भजन. मग वीज तोडायला माणूस आला. उरलेलं तू तुझ्या घरी ऐकू शकला असतास. चांगल्या कानांची वीस वर्षं होती तुझ्याकडे. ती मी चादरीखाली ठेवली.

माफी कशी मागतात मला येत नाही. नितेशने टेम्पोवाला बघून ठेवलाय. तू म्हणशील तर तुझी पेटी कुडाळला पोचवतो. माझीही ने, रेघ तुटणार नाही. पण त्याआधी, उजवा कान आहे तोवर, एकदा इथे ये. चेंबूरहून जान्हवी रिक्षाने आणेल. पाचवा मजला, लिफ्ट चालू आहे. शिव्या घालायच्या असतील तर पहिल्या घाल, मग सेल लाव.

विमलाला सांगून चारही स्क्रू पुसून ठेवलेत. आता एकावरही टिकली नाही. कुंकू वाटीत काढून ठेवलंय, व्हार्निशही आणलंय.

वहिनींना नमस्कार.

ज्याच्या घरी तुझी पेटी आहे, तो
राजाराम