हलीमाच्या मेंदीचा कोपरा

३ मार्च, अराद
मी जुम्म्याच्या नमाजाला गेलो आणि इकडे सूनबाईने माळी बोलावून मेंदी कापून टाकली. माझ्या बायकोने, हलीमाने लावलेली, ती गेल्यावर मी जगवलेली. का, तर सूनबाईच्या आईने अमेरिकेहून ओल्या टॉवेलात गुंडाळून हायड्रेंजियाचं रोप आणलंय. त्यांच्या मुलखातलं रानचं झाड म्हणे, सावलीचा कोपरा लागतो. यापुढे नुसतं सू. लिहीन. पुरे तेवढं.

४ मार्च
कोपऱ्यातली सावली मेंदीचीच होती. हे सू.ला कळलं नाही, माझ्या पोराला, इम्रानलाही नाही. मी सांगणार नाही.

२२ एप्रिल
पांढरा तुरा आला. सू. फोटो काढत सुटलीय. सुंदर आहे, म्हणूनच जास्त डोक्यात जातं.

१९ मे
दुपारचं आखाती ऊन थेट अंगावर. पानं करपली. नळाचं खारट पाणीही सोसत नाही त्याला. सू.ने विचारलं, काय झालं असेल अब्बा? म्हटलं, होईल बरं, इंशाल्ला. चहा गोड लागला.

११ जून
नवराबायकोचं पुन्हा तेच. इथे राहायचं की तिकडे. आज सू. झैदला घेऊन माहेरी गेली. रिटर्न तिकीट नाही. नातवाशिवाय जेवण गेलं नाही.

१२ जून
इम्रान ड्यूटीला जाताना दारात थांबला. "अब्बा, ती रोज त्या झाडाचा फोटो मागते. ते मेलं तर कुठल्या तोंडाने सांगू परत ये म्हणून?"
म्हणजे माझा नातू त्या काटकीला बांधलाय.

१३ जून
एसीच्या पाइपाखाली बादली लावली, ते पाणी तरी गोडं. वर जुनी चादर बांधली. शिव्या देत बांधली.

६ ऑगस्ट
नवं पान. आणि अगदी त्याच्या बुडाशी मेंदीच्या खुंटाला फुटवा! इम्रानला म्हटलं, फोटो वरूनच काढ.

२ सप्टेंबर
तिकीट झालं. दोघं गुरुवारी येतायत. झैद फोनवर इंग्लिशमध्ये काहीबाही बोलला, आवाज ऐकून बरं वाटलं.
इम्रानने कात्री हातात दिली. "ती यायच्या आत मेंदी काढून टाका अब्बा. उगाच वाद नको."
कात्री खिडकीत ठेवली. बादली भरली होती, ती मेंदीला ओतली. शेजारचं पीत असेल तर पिऊ दे.