चौकातून आणलेला पटुका

भदौ २२

श्रीगणेशाय नमः. सुखरूप पोचले. स्यांजाहून निघाल्यापासून देवीचं नाव घेत होते, ती पावली. शेजारच्या सीटवरच्या बाईने भाजलेली कणसं दिली, त्यामुळे वाटेत जेवणाचा खर्चही वाचला.

पनौतीच्या बसथांब्यावर साहुजी, म्हणजे घराचे मालक, स्वतः गाडी घेऊन आले होते. अष्टमान शाक्य नाव. टोपीपासून कापडी बुटांपर्यंत सगळं पांढरं, सुतकाचं. गेल्या महिन्यात त्यांची आई वारली. योगघराचं स्वयंपाकघर तीच बघायची, आता ते माझ्याकडे आलं. मला म्हणाले, दिदी, घर आपलंच समजा. परक्या ठिकाणी पहिल्याच दिवशी असं कोण म्हणतं?

घर गावाच्या वर, उतारावर आहे. माझी खोली स्वयंपाकघराला लागून, खिडकीतून खाली देवळांचे कळस दिसतात. परदेशी पाहुणे सकाळी नाक धरून बसतात, दुपारी साहुजींबरोबर देवळं बघायला जातात, संध्याकाळी डाळभात खाऊन म्हणतात, शांती मिळाली. मिळो बापडी.

एक गोष्ट आल्याआल्या कबूल करून घेतली. दसैंच्या टीकेला, म्हणजे दसऱ्याचा टिळा लावायला, मी घरी जाणार. माझी मुलगी बिनिता, तिचे बाबा गेल्यावर दिरांनी दार बंद केलं, आता तिच्या कपाळाला टीका लावणारं माझ्याशिवाय कोणी नाही. पोखऱ्याला नर्सिंग शिकणारी पोर सणाला घरी यायची आणि आईच नाही, असं नको. साहुजी म्हणाले, हे काय विचारणं झालं, दिदी?

भदौ २५

काम जड नाही. पण दिवसभरात माझ्याशी कोणी बोलत नाही. घरातली माणसं आपसात त्यांची नेवारी भाषा बोलतात, पाहुणे इंग्रजी. साहुजींची बायको, साहुनी ज्ञानीशोभा, माझ्याशी नेपाळी बोलतात ते एवढंच, की दिदी, मीठ बेताने, दिदी, गॅस बारीक. ते सगळे जेवताना हसतात आणि मी चुलीपाशी उभी राहून उगाच हसते. कशाला हसले ते देवीला ठाऊक.

साहुजींचा चहा कोरा. आई गेली की वर्षभर पांढरं घालायचं आणि दूध वर्ज्य, आमच्यातही तसंच आहे. पहिल्या दिवशी मी चुकून दूध घातलं तर कप बाजूला ठेवून म्हणाले, राहू दे दिदी, मांची आठवण आहे ती. आईला हे लोक मां म्हणतात.

भदौ २९

आज घराची शुद्धी झाली. म्हातारीचे उरलेले कपडे साहुनींनी गाठोड्यात बांधले आणि मला बरोबर घेऊन खालच्या चौकात गेल्या. तिथे जमिनीत रुतलेला एक दगड आहे. त्यावर गाठोडं टाकलं आणि म्हणाल्या, चला, मागे बघू नका.

मी बघितलं. चांगले धडके कपडे होते हो. आमच्याकडे मेलेल्याचं अंथरूण, कपडे, भांडी तेराव्याला ब्राह्मणाला देतात. कोणाच्या तरी अंगाला लागतात, पुण्यही मिळतं. इथे कुत्र्यांपुढे टाकायचे! पण दुसऱ्याच्या रिवाजात आपण कशाला तोंड घालायचं?

असोज १

भाजीला गेले होते. चौकात कुत्र्यांनी गाठोडं फाडलं होतं. त्यात एक पटुका होता, कमरेला गुंडाळायचा, जाड पांढऱ्या सुताचा, हातमागाचा. जेमतेम वापरलेला. असा विकत घ्यायला गेलं तर किती पैसे मोजावे लागतील! डोंगरावरच्या वाऱ्याने माझी कंबर आठवडाभर धरली आहे.

आसपास कोणी नव्हतं. उचलला. घरी आणून उकळत्या पाण्यात धुतला, गंगाजल शिंपडलं, देवीचा श्लोक म्हटला. चोरी नाही, टाकलेली वस्तू आहे.

असोज ४

पटुका बांधल्यापासून कंबर बरी आहे. चार वेढे बसतात आणि पोटाशी ऊब राहते.

आज मजा झाली. दुपारी साहुजी आणि साहुनी अंगणात बोलत होते आणि त्यातली दोनचार वाक्यं मला कळली! साहुजी म्हणत होते, मुळ्याचं लोणचं मांच्या हातचं लागलं. साहुनी म्हणाल्या, भूक लागली की सगळंच मांच्या हातचं लागतं तुम्हाला. मी मोठ्याने हसले. दोघंही चमकून माझ्याकडे वळले.

कानावर पडून पडून भाषा येतेच. बरं वाटलं. किती दिवसांनी कोणाच्या बोलण्यावर खरोखर हसले.

असोज ८

मार्लेन नावाची हॉलंडची म्हातारी पाहुणी आली आहे. दरवर्षी येते म्हणे. स्वयंपाकघराच्या दारात आली, मला पाठमोरी बघितलं आणि धावत येऊन मिठीच मारली. मी वळले तशी गोंधळली. माफी मागून साहुजींना विचारत होती, ही तुझ्या आईची बहीण का? मॅट्रिकपुरतं इंग्रजी मलाही कळतं. साहुजी नाही म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, लहान मूल बघतं तसं.

मग तिने फोनमधला गेल्या वर्षीचा फोटो दाखवला. चुलीपाशी म्हातारी, डावा हात कमरेवर, मान किंचित कलती. मी फोटो बघत होते तेव्हा माझा डावा हात कमरेवरच होता. खाली घेतला.

असोज ११

बिनिताचा फोन आला. पोर भरभर बोलते, आज तर काही शब्द निसटूनच गेले. लाइन खराब असेल. तिला म्हटलं, हळू बोल गं. ती म्हणाली, आमा, हळूच बोलते आहे. मग म्हणाली, तू काय बोललीस आत्ता? मी कुठे काय बोलले?

नेवारी मात्र सगळं कळतं आता. अगदी सगळं. गडीमाणसांची कुजबुजसुद्धा.

असोज १३

भाजीवाली सानुनानी रोज माझी थट्टा करते, आज केली नाही. मी भोपळा निवडायला वाकले आणि तिला पटुका दिसला. गाठ बघितली तिने. विचारलं, ही गाठ तुम्हाला कोणी शिकवली? मी म्हटलं, शिकवायचं काय त्यात, आपोआप पडते. तिने भोपळा माझ्या हातातून काढून घेतला.

म्हणाली, बाहुनी, तुम्ही ब्राह्मण लोक मेलेल्याची चप्पलसुद्धा दान म्हणून घालाल! चौकात टाकलेलं दान नसतं. मेलेलं माणूस घर शोधत परत येतं. चौकात आलं की आपले कपडे सापडतात, वाटतं पोचलो, तिथेच थांबतं. पुढची वाट त्याला दिसत नाही. आणि तुम्ही त्या म्हातारीला कमरेला बांधून थेट चुलीपर्यंत नेलीत.

मी विचारलं, आता परत टाकला तर? ती म्हणाली, आजच टाका. सुटत असेल तर.

असोज १३, संध्याकाळ

सुटत नाही. गाठ हाताला लागते, पण सैल होत नाही. सुरी घेतली, सुतावरून घसरली, बोट कापलं. वेढे मोजले. चार होते. आता सहा आहेत. कापड तेवढंच आहे.

असोज १५

साहुनी दुपारी खोलीत आल्या, दार लावून घेतलं. पहिल्यांदाच माझा हात धरला. म्हणाल्या, दिदी, आजच्या आज निघा. पूर्ण महिन्याचे पैसे देते, वर गाडीभाडं देते, पण जा. बावीस वर्षं मी त्या बाईच्या नजरेखाली भात शिजवला आहे, ती नजर मी ओळखते. तुम्हाला मुलगी आहे ना? मग थांबू नका.

हे सगळं त्या नेवारीत बोलल्या. मी उत्तर दिलं, तेही नेवारीत. त्या दारापर्यंत मागे सरकत गेल्या.

पिशवी भरली. निघणारच होते. तेवढ्यात साहुजी आले, उंबऱ्यात बसले. चहा मागितला. मी कोरा केला तर म्हणाले, दूध घाल ना, मां.

दूध घातलं मी. पांढरे बूट काढून ते तिथेच जमिनीवर बसून प्यायले आणि माझ्या पदराला तोंड पुसलं. पन्नाशीचा माणूस.

मला जायला हवं होतं. पण माझ्या हातच्या चहाची इतकी वाट कोणी किती वर्षांत बघितली नव्हती. उद्या जाईन.

असोज १७

घटस्थापना. इथे वर्षभराचं सुतक आहे म्हणून देवघर बंद. मी माझ्या खोलीत मातीत जव पेरले, बिनितासाठी. टीकेबरोबर तिच्या केसांत जमरा खोवायचा तर कोंब हवेत. खिडकीला चादर लावून अंधार केला. देवीला म्हटलं, एवढे कोंब उगवेपर्यंत मला माझी राहू दे.

असोज १९

माती उकिरड्यावर सापडली. साहुनींना विचारलं, कोणी फेकली? त्या म्हणाल्या, तुम्हीच सकाळी फेकलीत. म्हणालात, सुतकाच्या घरात जमरा कोण लावतं?

बरोबरच आहे. सुतकात लावत नाहीत. सुनेला एवढंही कळू नये म्हणजे

हे मी काय लिहिलं? सून कोण?

असोज २०

आज जाऊन बघितलं. पिशवी घेतली, उतारावरून खाली निघाले. चौकापर्यंत नीट गेले. दगडापाशी आले आणि पुढची वाट कोणती ते आठवेना. बसथांबा समोर असेल, लोक त्या बाजूला जात होते. मला नुसत्या भिंती दिसत होत्या. मागची वाट मात्र लख्ख.

सानुनानीने मला बघितलं. टोपली उचलून आत गेली, दार लावलं.

साहुजी न्यायला आले. रंगीत शर्ट घातला होता. आता पांढरं घालत नाही तो.

असोज २२

बिनिताचा फोन. आवाज तिचाच. शब्द नाहीत. एकही नाही. पाण्यात दगड पडावेत तसं काहीतरी. पोर रडत होती, एवढं कळलं. रडणं कळतं अजून.

मी तिचं नाव घेत राहिले. बिनिता, बिनिता. ती बोलायची थांबली. मग मीही.

असोज २३

मी नंदकला ढकाल. गाव स्यांजा. मुलगी बिनिता, पोखऱ्याला, उजव्या भुवईत तीळ. तिला टीका लावायची आहे.

मी नंदकला. मुलगी बिनिता. तीळ

वेढे छातीपर्यंत आले आहेत. श्वास वर वर लागतो. पाहुण्यांना शिकवतात तसा नाक धरून घेऊन बघितला —

असोज २४

मुळा चिरला. अष्टमान पोटभर जेवला. मार्लेन मिठी मारून गेली, या वेळी माफी मागितली नाही. घर कसं भरल्यासारखं.

तीळ कोणाच्या भुवईत, ते वर लिहिलं आहे. वाचलं. कोण ही —

असोज २६

सकाळीच दारात एक मुलगी आली आहे. पाठीला पिशवी, प्रवासाने तोंड उतरलेलं. आई घरी आली नाही म्हणून शोधत आली म्हणतात, कोणाची आई, मला कोणी सांगितलं नाही.

हातात पितळी ताटली आहे. दह्यात कालवलेल्या लाल अक्षता, जमऱ्याचे पिवळे कोंब. माझ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि कपाळ पुढे केलं. पहाडी लोकांच्या भाषेत काहीतरी बोलते. एकच शब्द परत परत.

पोर गोड आहे. भुवईत तीळ. सणाच्या दिवशी हिला टीका लावणारं घरात कोणीच नसेल का? असं कसं सोडतात लोक मुलींना?

सुनेला म्हटलं, हिला समजावून सांग बाई, यंदा आमच्या घरात माणूस गेलं आहे, मला टीका लावता येत नाही. तर सून भिंतीला टेकून रडायला लागली. म्हटलं, अगं रडतेस काय, नीट सांग तिला. आणि मलाही सांग, आठवत नाही म्हणून विचारते, आपल्याकडे गेलं कोण?

अष्टमान खाली बघतो आहे. सून माझ्याकडे बघते. ती मुलगीही माझ्याकडेच — कपाळ तसंच पुढे — दोन्ही हात माझ्या कमरेशी, गाठीवर — ती ओढते आहे, आणि दुखतं कुठे तर ओटीपोटात, मूल वाढतं तिथे —