नाळेपुरती

आई, आज पुन्हा पाटलाची सून आठवली आणि ताटावरून उठले. तू जाऊनही किती वर्षं झाली, तरी माझा जीव त्या दिवसापाशी गेला की तिथंच घुटमळतो. दुष्काळाचं साल. तू चुलीपुढे रेशनवर मिळालेल्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी थापतेयस, त्या तुटतायत आणि तू मिलोलाच दटावतेयस. तेवढ्यात कळतं, पाटलाची सून अडलीय. भाकरी तशीच टाकून तू कात्री उकळायला ठेवतेस. मिशनच्या दवाखान्यात तू बाळंतपणाचं रीतसर शिकली होतीस, अडलेल्या बायका डॉक्टरीणबाई तुझ्या हवाली करायच्या. पण लग्न होऊन इथं आलीस आणि गावाने तुला नाळ कापण्यापुरतीच ठेवली. आपण देव बदलून ख्रिस्ती झालो होतो, तरी त्यांच्या लेखी महारवाड्यातलेच. बाळंतपण घरच्या म्हातारीने करायचं, नाळ तेवढी आपल्यातल्या बाईने कापायची, ही गावची रीत.

मीही तुझ्या मागोमाग आले. ओट्याखालूनच तू म्हणालीस, "मला बघू द्या, पाटलीणबाई."

"तुजं काम नाळंचं. तवा हाक मारू."

आपण उन्हात बसलो. आतली प्रत्येक किंकाळी ऐकून तू पदर पिळत होतीस. हाक आली ती मूल झाल्यावर. मी दारातून बघत होते. तू नाळ कापलीस, पोरगा रडला, आणि तुझं लक्ष रक्ताकडे गेलं.

"थांबंना हे. पोट चोळू द्या मला, पाया पडते."

"झालं न्हवं तुजं काम? हो भाईर."

दुपारी ती गेली. गाव अजून म्हणतं, दुष्काळाने नेली. साफ खोटं आहे ते!

"गेलीसच कशाला?" घरी आल्यावर मी तुझ्यावर ओरडले.

"त्यांचा इळा गंजल्याला हुता," तू म्हणालीस. "त्यानं नाळ कापली असती तर पोराला धनुर्वात झाला असता."

मला तुझ्यासारखं शांत राहता येत नाही. तुझी विद्या त्यांनी ओट्याखाली बसवून ठेवली आणि मेली त्यांचीच सून, आईविना वाढला त्यांचाच नातू. अशा किती गावांत किती जणी बसून राहिल्या असतील, या विचाराने मी घरभर फिरत राहते.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? पण एक सांगते. तू मला नर्सिंगला घालायला निघालीस तेव्हा मी म्हणाले होते, रक्त बघून चक्कर येते. रक्ताची भीती मला कधीच नव्हती, आई. भीती होती ती त्या उन्हात बसून हाकेची वाट बघायची.