आप्पांच्या मोरीतली माशी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ जुलै १९५४

प्रिय सयाजी,

तुझं पत्र पोचून पंधरवडा झाला. आम्ही नाव विचारायला पाठवलेल्या माशीच्या फोटोवरचं "अशी माशी जगात नाही" हे तुझं वाक्य मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते चिडले नाहीत, याचंच नवल वाटलं. दोन वर्षांपूर्वी तू त्यांचा फोटो स्टुडिओ सोडून पुण्याला किडे शिकायला निघालास, तेव्हा "कोल्हापुरातल्या माशा संपल्या व्हय रं?" म्हणून त्यांनी तुझ्याकडं पाठ फिरवली. तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. मी वाचून ठेवलेलं तुझं पत्र मात्र दुसऱ्या दिवशी जाग्यावर नसतं.

चूक तुझी नव्हती, त्या फोटोचीच होती. मोरीच्या भिंतीवर बसणारी ती तिळाएवढी माशी आप्पांनी मेलेली उचलली, कागदावर ठेवली आणि कॅमेऱ्याचा भाता पुरता ओढून फोटो काढला. स्वतःचा फोटो काढायला आलेले हंबीरराव पैलवान फेटा बांधून तासभर खोळंबले होते. "श्वास धरा पावणं, माशी उडंल," असं आप्पांनी त्यांनाच दरडावलं. इथवर ठीक होतं. पण मग हाताच्या सवयीनं त्यांनी निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण घालवतात, तसे माशीच्या पंखांवरचे ठिपके घालवले, लव साफ केली. मी हसले, तर म्हणाले, "माणसाला चांगलं दिसाय लागतंय, आणि माशीला न्हाय व्हय?"

ठेवण मोरीतल्या माशीची, पण अंगावर लवच नाही, असं तू लिहिलंस ते बरोबरच होतं.  ते ऐकून पेन्सिलीला हात न लावता त्यांनी दुसरा फोटो काढला. तो सोबत पाठवतेय. पतंगासारखी लव आता स्पष्ट दिसते.

खरं सांगू? माशीचं नाव आम्हाला कशालाच नको आहे. तू सुचवल्याप्रमाणं धोंडुबाईनं मोरीतला गाळ खरवडून काढला, कढत पाणी ओतलं, आणि आठवड्यात घरातल्या माशा गेल्या. या फोटोतली माशी आप्पांनी शेजारच्यांच्या मोरीतून काडेपेटीत घालून आणली. काल पुन्हा गेले होते. शेजारीण मला विचारत होती, तुमच्या आप्पांना झालंय तरी काय? मी काय सांगणार! काही विचारायचं असल्याशिवाय लेकाला पत्र कसं लिहावं, हे त्यांना ठाऊक नाही. फोटोच्या मागं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "आता बरोबर हाय का बघ." ते मी लिहायला सांगितलं नव्हतं. तेव्हा या खेपेला उत्तर माझ्या नावानं धाडू नकोस. पाकिटावर त्यांचं नाव घाल, आणि माशीबद्दल कळतंय तेवढं सगळं लिही.

तुझीच,
अक्का