ताई विरुद्ध टिल्लू

प्रिय टिल्लू,

निकाल लागून बरेच दिवस झाले. आता दोघांनी एकमेकांशी बोलायला हरकत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलंय. तरी तुझा फोन नाही आणि मीही केला नाही. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणत विषय गुंडाळतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझे भावोजी म्हणाले, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला कोणी टिल्लू लिहितं का? म्हटलं, कोर्टाच्या कागदांवर त्याचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव आणि मध्ये ‘विरुद्ध’ असं वर्षभर वाचलंय, आता पुरे.

घडलं ते तुला माहीत आहे, पण मी माझ्या बाजूने कधी सांगितलेलं नाही. माझ्या स्वयंपाकघरासाठी फरशा बघून आपण परत येत होतो. तू पसंत केलेला हिरवा रंग मी नको म्हटला होता, म्हणून तू जरा घुश्शातच होतास. मग चौकाच्या अलीकडे एकदम म्हणालास, ताई, आपली शाळा पाडली बघ. मी मान वळवून बघितलं, तूही बघितलंस. सिग्नलला उभा असलेला टेम्पो दोघांनाही दिसला नाही. धक्का काही फार मोठा नव्हता. टेम्पोवाल्याने उतरून आधी टेम्पोचा मागचा भाग तपासला, मग तुझ्या गाडीचा फुटलेला दिवा बघून त्यालाच वाईट वाटलं. मी तर हसले. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस उभ्या गाडीला धडकतो म्हणून तुला घरापर्यंत चिडवत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलवेना. शेवटी दोन्ही हातांनी केस धरून ते उचललं, एखादं जड भांडं उचलावं तसं.

एक्स-रे अगदी स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, डोकं पुढे जाऊन मागे फेकलं गेलंय, हाडं शाबूत आहेत, आतले स्नायू आणि बंध ताणलेत, ते फोटोत येत नाहीत. मानेला पट्टा आला. तो घालून पहिल्यांदा जिना उतरले तेव्हा शेजारचा कुत्रा माझ्याकडे फार आपुलकीने बघत होता. पट्टा निघाला, दुखणं राहिलं. बाइंडिंगच्या कारखान्यात मालकांनी माझी जागा बरेच महिने धरून ठेवली. मी जाऊन बसायचे, सुई ओवायचे, दोन-तीन फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, शिवून झाले की डाव्या हाताची बोटं बधिर व्हायची आणि टाके वाकडे पडायचे. एक दिवस माझं शिवलेलं पुस्तक दुसरी बाई गुपचूप उसवून पुन्हा शिवताना दिसली. त्यानंतर मी गेले नाही.

दावा लावायच्या आधी मी तुला विचारलं होतं, आठवत असेल. शेजारी बसलेल्याला लागलं तर दावा गाडी चालवणाऱ्यावर लावायचा असतो, भरपाई विमा कंपनी देते, भावाचं नाव नुसतं नावापुरतं, असं वकीलबाईंनी समजावलं होतं. तू म्हणालास, कर ना ताई, माझं काय जातंय. दोघांनाही वाटलं, चार सह्यांचं काम आहे. मग कंपनीने उत्तर दिलं, की हाड मोडलेलं नाही, बाईंची मान वर्षानुवर्षं वाकून काम केल्याने गेली, आणि टेम्पोने अचानक ब्रेक लावला. आत्याने फोन करून विचारलं, सख्ख्या भावावर केस? मी म्हटलं, हो. वकीलबाईंनी सांगितलं होतं, केसबद्दल बोलू नका. आपण सगळंच बोलायचं थांबवलं. आईसुद्धा शपथ घेतल्यासारखी इकडचं तिकडे काही सांगेना.

तुझ्या साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. कंपनीच्या वकिलाने तुला किती अलगद न्यायचा प्रयत्न केला. तुम्ही लोकांना गाडी शिकवता, तुमच्यावर आजवर एक तक्रार नाही, तेव्हा समोरचा एकाएकी थांबला असणार, नाही का? तुला नुसतं हो म्हणायचं होतं. तू म्हणालास, नाही, टेम्पो उभाच होता, मी रस्त्याकडे बघत नव्हतो. वकील वैतागला. त्याने विचारलं, बरं, अपघातानंतर बहिणीने तुमच्याकडे एकदा तरी दुखण्याची तक्रार केली? तू म्हणालास, नाही. आणि पुढे म्हणालास, मी विचारलंच नाही, विचारायची भीती वाटली. टाइप करणाऱ्या बाईने तेही टाइप केलं.

निकाल माझ्या बाजूने लागला. मागितलं होतं त्याहून कमी मिळालं, पण उपचार चालू राहतील. कारखान्यातल्यासारखं दिवसभर शिवायला आता जमणार नाही, हे मी मान्य केलंय. मालकांनी मला नव्या मुलींचं काम तपासायला बोलावलंय, तेवढं उभ्याने होतं. तुला मात्र त्या साक्षीनंतर शिकवणीच्या गाडीवरून काढून वर्गात फळ्यासमोर उभं केलंय, असं आईने एकदाच सांगितलं आणि चहा टाकायला आत गेली. कळल्यापासून मला चैन नाही. तरी केस केल्याबद्दल मी माफी मागणार नाही. मला त्या भरपाईची गरज होती, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. तूही मागू नकोस. जे बोलायचं होतं ते तू सगळ्यांसमोर बोललास.

पण तू जे विचारलं नव्हतंस, ते कोर्टात ऐकल्यापासून मनात आहे. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून हे पत्र. दुखतं, टिल्लू. रोज दुखतं. सकाळी जास्त, दुपारी बरं असतं, थंडी पडली की खांद्यापर्यंत उतरतं. डावीकडून कोणी हाक मारली तर मी अख्खीच वळते. केस विंचरताना हात मध्येच खाली घ्यावा लागतो. बाकी जेवते, झोपते, तुझ्या भावोजींशी भांडते. याहून जास्त काही नाही, आणि कमीही नाही. तू मनात धरून बसला असशील ते याच्यापेक्षा कितीतरी मोठं असणार, म्हणून आहे तेवढं कळवलं. आता फोन केलास की आधी तेच विचार. मी नीट सांगेन.

तुझीच,
ताई