लोकशाहीचं पोट

३ जानेवारी
माटुंग्याहून इरावती आली होती. बायकोची, सुभद्राची भाची, फोटोग्राफर. महापालिका निवडणुकीसाठी एका संस्थेचं पोस्टर करतेय. 'मतदार' म्हणून साधा माणूस हवाय. मला बघितलं आणि म्हणाली, काका, तुम्हीच. नजर आहे मुलीला. साधेपणा मी बावन्न वर्षं जपलाय.

४ जानेवारी, सकाळी ६
शूटिंगला चार दिवस. मतदार म्हणजे देश. देश म्हणजे छाती. रोज पन्नास जोर. भात बंद.

सकाळी ६.१०
जोर तीन. पाठीत उसण भरली. देश म्हणजे चेहरासुद्धा.

५ जानेवारी
भात चालू. मतदार उपाशी दिसला तर सरकारची बदनामी.

८ जानेवारी
शूटिंग. श्वास रोखून उभा होतो. इरावती म्हणाली, काका, पोट सोडा, देशाला पोट असतं. सोडलं. डाव्या हाताच्या बोटावर तिने मार्करने शाई लावली. बोट वर, क्लिक. एकदम जबाबदारी जाणवली.

११ जानेवारी
नायगावभर पोस्टर लागलं. बसस्टॉपवर मी सहा फूट. शेजारचा गुणाजी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "गंगाधरा, पोट मातर तुझाच दिसता." त्याला प्रतीक वगैरे कळत नाही. सुभद्राने विचारलं, शर्टाला इस्त्री का नव्हती.

१५ जानेवारी, सकाळी ८
मतदान. सुट्टी. सुभद्रा म्हणाली, चला, आत्ता रांग नाही. म्हटलं, तू हो पुढे. पोस्टरवरच्या माणसाने आधी लोकांना जाऊ द्यावं. तिने चपला घातल्या.

दुपारी ३
पोस्टरशेजारी बोट वर करून उभा आहे. सेल्फी अकरा. मला बघून एक बाई मतदानाला धावतच निघाल्या. त्याच वेळी बस आली होती, पण तो योगायोग.

संध्याकाळी ६
केंद्रावर पोचलो तेव्हा पाच चाळीस. गेट बंद. हवालदार बाईंना म्हटलं, मी तो पोस्टरवाला. त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "साडेपाचपर्यंत होतं. लिहिलंय की, तुमच्या पोटाखाली."
घरी आलो. सुभद्राने माझ्या बोटाकडे बघितलं आणि चहा टाकला.

१६ जानेवारी
ऑफिसात सगळे एकमेकांना शाई दाखवत होते. मी डावा हात दिवसभर खिशात ठेवला. डब्याचं झाकण एका हाताने उघडेना. जेवलो नाही.