मथुरेला सोडून अंदमानला

२ फेब्रुवारी, रविवार

अश्विनीनं तिकिटं काढली. विचारणं नाही, सांगणं नाही — लेकीनं थेट मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पुण्याहून चेन्नई, तिथून अंदमान. मी, तिची आजी आणि ती, अशा तिघी. पुढच्याच रविवारी.

मी म्हटलं, "आणि मथुरेची धार काय तुझा बाप काढणार?"

बाप तिथंच जेवत बसला होता. आमटीत भाकरी चुरत म्हणाला, "जा की. म्हशीचं बघू आमी."

बघू म्हणे! ज्या माणसाचा चहा गाळताना निम्मा ओट्यावर जातो, तो मथुरेचं बघणार. दोन जर्सी गायींना मशीन आहे, त्यांचं कुणीही करील. मथुरेनं मशीनचा आवाज ऐकला की ती दावं तोडते. माझ्याशिवाय कुणाचा हात कासेला लागला तर लाथ, नाहीतर पान्हा चोरून नुसती उभी. पहिल्या वेतापासून तिला मीच. म्हणून तर माहेरीसुद्धा सकाळची धार काढून जाते आणि संध्याकाळच्या धारेला परत येते. पाव्हण्यारावळ्यांच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या निघणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे.

तिकिटं रद्द कर म्हटलं. होत नाहीत म्हणाली. नगरला सावेडीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यामुळे कुणी तोंड वाकडं केलं तरी तिला काही वाटत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे इथंच लिहिते, बोलायचं कुठं नाही.

उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होतात. दिवाळीपासून. आधी रात्रीच्या मुंग्या यायच्या, आता धार काढताना सड हातात आहे की नाही तेच कळत नाही. बाजाराचं निमित्त करून शेवगावला डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी मनगटावर टिचकी मारली, झिणझिण्या पार बोटांपर्यंत. शीर दबलीय म्हणाले. ऑपरेशन लहानसंच, पण नगरला करावं लागेल आणि नंतर तीनेक महिने धार बंद. उशीर केला तर बोटांतली ताकद गेली ती गेली, परत यायची नाही.

घरी सांगून काय होणार? तीन महिने मथुरेला हात कोण लावणार? विकायचीच पाळी येईल. मी तिला वगार असल्यापासून वाढवलीय. पावसाळ्यात आटली की बघू. तोवर चालवायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

धारेची साडी सापडत नाही. जांभळी, पदराला फाटलेली, गोठ्यातल्या खिळ्याला कायम टांगलेली असते. जाण्याआधी धुऊन टाकावी म्हटलं तर खिळा रिकामा. तासभर शोधली.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "मी घेतली. गोधडीला."

"शेणानं भरलेली साडी? न धुता?"

"धुईन की."

सासू म्हणून बोलायची सोय नाही, पण मनातून लई चिडले. या घरात आल्यापासून आत्याबाईंनी माझ्या वस्तूला न विचारता कधी हात लावला नव्हता. साडीचं काय, फाटकीच होती. पण मथुरा त्या साडीला ओळखते. मी लांबून येताना दिसले की हंबरते.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळची धार काढली. मथुरेच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, सात दिवस. तिनं पेंडीतून तोंड वर काढलं नाही.

हे पुण्यापर्यंत सोडायला आले नाहीत. एक जण घरी पाहिजेच. आमच्या घराचा नियम आहे, जनावराच्या घरातली माणसं सगळी मिळून कधीच कुठं जात नाहीत. एसटी स्टँडवर पिशवी हातात दिली, पाण्याची बाटली दिली आणि "फोन करा" एवढंच म्हणाले. गाडीत बसल्यावर बघते तर बाटलीचं झाकण सैल, पिशवी ओली, दशम्यांच्या फडक्याला पाणी! धड झाकण लावता येत नाही आणि म्हैस सांभाळणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार. हॅवलॉक

विमानात आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले ते थेट खाली उतरल्यावर उघडले. मी विचारलं, भ्यालात का? "भ्येते कशाला. खाली बगितलं तर आपलं रान कुठं दिसतंय का म्हनून जीव लागून ऱ्हातो. त्यापरास न्हाई बगितलं."

मग मोठ्या बोटीतून या बेटावर आलो. समुद्र मी टीव्हीत पाहिला होता. टीव्हीत त्याचा रंग खोटा वाटायचा. इथं खरोखर तसाच आहे! किनाऱ्यापाशी हिरवा, पुढं निळा, त्याच्यापुढं आणखी निळा. झाडं पार वाळूपर्यंत आलेली. वाळू पिठासारखी बारीक. काही करायचं नाही, कुणाला वैरण टाकायची नाही, कुणी "चहा झाला का" विचारत नाही. पहिला तासभर मला काय करावं ते कळेना, म्हणून चपला नीट लावून ठेवल्या.

आत्याबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि सरळ पाण्यात गेल्या. गुडघ्यापर्यंत. लाटेला म्हणाल्या, "ये." ती आली आणि त्या बसल्या बदकन. अश्विनी धावली, तर त्या पाण्यात बसून हसत होत्या. सत्तरी उलटलेली बाई, आमच्या कोरड्या भागातली, हिरीतून पाणी शेंदत जन्म गेला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "खारट हाय. एवढं पानी आन एक घोट उपेगाचा न्हाई. पन बसाया ब्येस हाय." मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मी घोट्यापर्यंतसुद्धा गेले नव्हते.

इथं साडेपाचलाच अंधार पडतो. तिकडं अजून उन्हं असतील आणि मथुरेची वेळ झाली असेल. फोन लावला.

"दिलं का दूध?"

"दिलं की."

"कुणाला?"

"बादलीला." आणि फोन ठेवला. मागून कुणीतरी हसत होतं. बाईमाणसाचं हसणं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या विजयमालानं बोलून मेसेज पाठवला. तिला धड हसू आवरत नव्हतं. "सत्यशीलाबाई, तुमी तिकडं मासे बगा. इकडं तुमच्या गोठ्यात नवी बाई येती दोन्ही टायमाला. तुमची म्हैस लई गुनाची झालीय तिच्यापाशी."

नवी बाई!

नवऱ्याची मला काळजी नाही. त्यांच्याकडे कोण बघतंय. पण मथुरा? दुसऱ्या बाईला? दोन दिवसांत? मी एवढी वर्षं लग्नं अर्धी सोडली, माहेरी मुक्काम केला नाही, आणि ही दोन दिवसांत गुणाची झाली. दुपारी काचेच्या तळाच्या बोटीतून मासे दाखवले. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. अश्विनी म्हणत होती, आई बघ, आई बघ. मी बघत होते, पण डोक्यात तीच बाई.

अश्विनीला मेसेज ऐकवला. ती म्हणाली, "असेल कोणीतरी," आणि तोंड फिरवून समुद्राचे फोटो काढायला लागली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज किनाऱ्यावर नारळपाणी पिताना शहाळं हातातून निसटलं. बोटांनी धरलंच नाही. मी इकडं-तिकडं बघितलं. अश्विनी पाण्यात होती, बरं वाटलं.

आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. माझा उजवा हात ओढून घेतला, गरम वाळूत मनगटापर्यंत पुरला आणि वरून थापटत बसल्या. मग म्हणाल्या, "कवापासून?"

"काय?"

"मला येडी समजू नको. तू भाकरी थापायला लागली की मला वसरीत आवाज येतो. दिवाळीपासून आवाज बदललाय. एक हात जोरात, एक हात हलका."

मग त्यांनी आपले हात पुढं केले. इतकी वर्षं त्या हातांचं वाढलेलं खाल्लं, पण असे कधी पाहिले नव्हते. उजव्याचा अंगठ्याखालचा भाग खोल गेलेला. मूठ वळून दाखवायला गेल्या, ती वळलीच नाही.

"मलाबी मुंग्या यायच्या. चार म्हशी हुत्या तवा. कुनाला बोलले न्हाई. बोललं तर म्हनत्याल, कामाची कच्ची हाय. मग मुंग्या यायच्या थांबल्या. मला वाटलं, बरं झालं." हात मांडीवर ठेवला. "बोटंच मेली हुती."

मी रडले. लाज वाटली नाही, तिथं ओळखीचं कोण होतं? म्हणजे म्हणूनच त्या संत्रं दातांनी सोलतात. मला वाटायचं, खेड्यातली सवय. म्हणूनच सुईत दोरा अश्विनीला ओवायला लावतात. या बाईनं अशा हातांनी माझं बाळंतपण केलं, अश्विनीला न्हाऊमाखू घातलं, आणि मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

"घरी गेल्या गेल्या अजिनाथला सांगायचं," लेकाचं नाव घेऊन म्हणाल्या. "मी न्हाई सांगनार. तुज्या तोंडानं सांग."

हो म्हटलं. मथुरेचं काय, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज समुद्रात गळ्यापर्यंत गेले. आत्याबाईंचा हात धरून. संध्याकाळच्या धारेची वेळ कधी गेली, कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी घरी पोचलो. आम्ही दुपारी येऊ असं यांना वाटत होतं, पण आम्हाला पुण्याहून लवकर गाडी मिळाली. उजाडत होतं. पिशव्या ओट्यावर टाकल्या आणि चपला न काढता गोठ्यात गेले.

होती. ती बाई होती. माझ्याकडे पाठ, डोक्यावर पदर, मथुरेच्या पोटाला डोकं टेकवून बसलेली. बादलीत धार वाजत होती, चांगली भरून. मथुरा रवंथ करत उभी, कान सैल. आणि बाईच्या अंगावर माझी साडी! जांभळी, पदराला फाटलेली.

म्हटलं, "कोण गं तू?"

बाईनं मान वळवली. मिशी.

"बोलू नको," हे हळूच म्हणाले. "पान्हा चोरील."

मी तोंडात पदर कोंबला. खांबाला धरून उभी राहिले, हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं. हे आपले शांतपणे एकेक सड रिकामा करत होते. गुडघ्यांत बादली, हातात बांगड्यासुद्धा — आत्याबाईंच्या जुन्या, मनगटावर कशाबशा चढवलेल्या. मथुरेला माझ्या बांगड्यांचा आवाज लागतो, हे यांच्या लक्षात होतं! पन्नाशीचा माणूस, गावात ग्रामपंचायतीला उभा राहिलेला, विजयमाला कुंपणापलीकडून बघतेय, डेअरीवर पोरं चिडवत असणार. तरी रोज दोन वेळा बायकोची साडी नेसून बसला. मी या माणसाला ओट्यावर सांडलेल्या चहावरून जोखत होते.

मागं बघितलं तर अश्विनी आणि आत्याबाई दारात. आत्याबाई म्हणाल्या, "गोधडी कशी वाटली?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी बादली उचलली. यांनी काढून घेतली.

"मला सांगायचंय," मी म्हटलं.

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"दिवाळीपासून कप दोन्ही हातांनी धरतीस. बाटलीचं झाकण दातांनी उघडतीस. म्हनून तर सैल करून दिलं हुतं."

बसने निघाल्यापासून चेन्नईपर्यंत मी या माणसाला त्या झाकणावरून शिव्या घातल्या होत्या. मनातल्या मनात, पण घातल्या होत्या. आता गोठ्याच्या दाराशी उभी होते. एवढंच विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हनली असतीस, मथुरेची धार कोन काढनार. आता म्हन."

नगरला जाऊ म्हटलं. गुरुवारी चल म्हणाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सावेडी, अश्विनीची खोली

डाव्या हातानं लिहितेय, थोडंच. काल ऑपरेशन झालं. हे सकाळची धार काढून आले आणि संध्याकाळच्या धारेला परत गेले.

दवाखान्यात नाव सांगितलं तर तिथली मुलगी म्हणाली, "हो, ही तारीख तर तुमच्या मुलीनं लक्षणं सांगून मागच्या महिन्यातच घेऊन ठेवलीय." मागच्या महिन्यात. तिकिटांच्याही आधी! म्हणजे अंदमान माझ्यासाठी नव्हतंच. मथुरेला लागलेली माझी सवय मोडायची, तर मला समुद्रापलीकडे न्यावं लागलं. जवळ कुठं असते तर मी संध्याकाळच्या धारेला आलेच असते.

अश्विनीला विचारलं, हे डोकं कुणाचं? तुझं की बापाचं?

"आजीचं," ती म्हणाली. "पप्पांना साडी नेसायलाही तिनंच शिकवलं."

आत्याबाई उशाशी बसल्यात. माझ्यासाठी संत्रं सोलतायत, दातांनी.